दिव्यावरची तसबीर

मास्तरीणबाईंनी चहातली साखर सोडली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ती का सोडली हे दोघांनाच ठाऊक होतं, एक देवाला आणि दुसरं नणंदेला. देवानं ते पोटात ठेवलं यात नवल नाही. नणंदेनंही ठेवलं होतं, हे मात्र नवलच.

त्याचं झालं असं. लग्नाला पुरता आठवडाही झाला नव्हता. मास्तरीणबाई सकाळी दिवा लावून हात जोडून उभ्या होत्या, तेव्हा मास्तर मागून म्हणाले, "देव असेल तर असू दे बापडा. पण तो कुठल्या काट्यावर मोजायचा, तेवढं सांग." मास्तर तंत्रशाळेत मोजमाप शिकवत. ताप, दाब, वजन, जाडी. इतर लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी. वर्गात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "यंत्र खोटं बोलत नाही, वाचणारा खोटं वाचतो." हे वाक्य त्यांनी इतक्या पोरांना ऐकवलं होतं, की आता टक्कल पडलेले जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की तेच वाक्य त्यांना परत ऐकवत.

मास्तरीणबाई वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा आवाज इतका मऊ, की दूध उतू जात असलं तरी त्या "अहो, दूध" एवढंच म्हणत, आणि ते कुणाच्या कानावर जाईपर्यंत दूध शेगडीवर गेलेलं असे. त्या दिवशीही त्या काही बोलल्या नाहीत. मनातल्या मनात देवाला म्हणाल्या, ज्या दिवशी हे आपणहून, कुणी न सांगता तुझ्यापुढे मान खाली घालतील, त्या दिवशी मी चहात साखर घेईन. तोवर नाही. आणि यांना सांगणार नाही, सुचवणार नाही, डोळ्यानं खुणावणारसुद्धा नाही.

त्यांचे बाकीचे नेम होतेच. उठल्यावर तासभर मौन, दिवा लागल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, वहीत शंभरदा नाव लिहिल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. मास्तर या सगळ्याकडे, घरात जुनं कपाट असावं आणि त्याला वळसा घालून जावं, तसे बघत. बिनसाखरेच्या चहाबद्दल त्यांचा निष्कर्ष साधा होता. हिला गोड आवडत नाही.

आणि मग गाडी आली.

गाडी युरोपातली होती, तेरा वर्षांची, गडद निळी. ती दातांच्या डॉक्टरांकडून घेतली. देताना डॉक्टर गहिवरले. बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "मुलगी देतोय असं समजा, मास्तर." मास्तरांनीही मान हलवली. पण फाटकाबाहेर पडल्यावर डॉक्टर शीळ घालत, जवळजवळ उड्या मारत गेले, ते मास्तरीणबाईंनी खिडकीतून पाहिलं. दुखरी दाढ उपटल्यावर पेशंट असा जातो. डॉक्टर असा जाताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"दरवाजाचा आवाज ऐक," मास्तर म्हणाले. त्यांनी दरवाजा लावला. थप्प. पुन्हा उघडून लावला. थप्प. "ऐकलास? तिजोरी! नाहीतर आपल्या ताईची गाडी. पत्र्याचा डबा नुसता. दरवाजा लावला की वाटतं, ताट पडलं."

ताई म्हणजे तीच नणंद. होती मास्तरांपेक्षा धाकटी, पण घरात सगळे तिला ताईच म्हणत. तिचं गाव तीन तासांवर होतं. ती आपला डबा चालवत कामासाठी आठवड्याला चार गावं फिरायची, आणि त्याच्या तब्येतीचा विषय कधी निघायचाच नाही.

मास्तरीणबाईंनी त्या दिवशी एक छोटी तसबीर आणली होती. पितळी चौकटीतली, अंगठ्याच्या पेरापेक्षा जराशी मोठी. "गाडीत ठेवाल?" त्यांनी विचारलं.

"गाडीला इंजिन आहे. देव कशाला?" असं म्हणून मास्तरांनी ती समोरच्या खणात टाकली आणि खण लावला. त्याचाही आवाज चांगला आला.

महिन्याभरात मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं, की घरात आता नेम पाळणारे दोघं आहेत. त्यातला दुसरा जास्त कडक आहे. गाडी सुरू करताना किल्ली एकदम फिरवायची नाही. अर्धी फिरवायची, मनात बारापर्यंत मोजायचं, मग पुढची अर्धी. तेल तिच्या देशातलंच, दुसरं चालत नाही. धुवायला नळाचं पाणी नको, त्यात क्षार असतात, गाळलेलं हवं. डावीकडची मागची काच खाली करायची नाही, कारण ती वर येत नाही. भर उन्हाळ्यात बसायची जागा आपोआप तापायला लागायची, तेव्हा तक्रार करायची नाही. त्या थंड देशातल्या लोकांनी किती विचार केलाय, हे म्हणायचं. पुढचा एक बल्ब गेला तेव्हा तो बदलायला गाडीचं अख्खं तोंड उतरवावं लागलं. मास्तर त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "काय बांधणी आहे! बल्बपर्यंत सहजासहजी पोहोचताच येत नाही."

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, पण तिच्या देशाच्या भाषेत. मास्तरांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी रात्रीच्या जेवणाआधी ते रोज चार पानं उलटत, चित्रांवरून बोट फिरवत, आणि पुस्तक मिटताना ते नकळत कपाळाजवळ नेत. मास्तरीणबाई भाजी निवडता निवडता हे बघत.

रविवारी सकाळी उस्तादाच्या गॅरेजात मंडळी जमत. अशाच गाड्यांचे मालक सगळे. एक बँकेतले साहेब, एक वकील, एक निवृत्त कप्तान, आणि आता मास्तर. दातांचे डॉक्टरही पूर्वी यायचे. गाडी विकल्यापासून त्यांना रविवारी कामं निघू लागली. मंडळी गोल बसत. मध्ये कुणाची तरी गाडी तोंड वासून उभी असे. प्रत्येक जण आपापलं दुःख सांगे, बाकीचे "हो हो" म्हणून डोळे मिटत.

"माझी परवा चौकात बंद पडली," बँकेचे साहेब सांगत.

"सेन्सर," कप्तान म्हणत.

"माझा हॉर्न वळणावर आपोआप वाजतो," वकील सांगत.

"सेन्सर."

"आणि पार्ट?"

"बाहेरून येतोय," उस्ताद म्हणे. मग सगळे दोन क्षण गप्प. पार्ट बाहेरून यायला सहा आठवडे लागत. या सहा आठवड्यांत मंडळींची श्रद्धा उलट वाढतच जाई.

मास्तरीणबाई एकदा किल्ली पोचवायला गेल्या आणि दाराशी उभं राहून हे सगळं त्यांनी ऐकलं. त्यांना हसू आलं नाही. ही तर आपलीच माणसं, असं वाटलं. फक्त आपला देव कधी बंद पडत नाही, एवढाच काय तो फरक.

मग एका सकाळी त्यांना ते दिसलं.

मौनाचा तास चालू होता. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. समोर अंगणात गाडी. मास्तर बाहेर आले, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून हळूहळू पाणी ओतलं. ओठ हलत होते. असेल काहीतरी त्या गाडीचा नेम, म्हणून मास्तरीणबाईंनी ते सोडून दिलं. पण मग मास्तर आत बसले, आणि त्यांनी मान खाली घातली. जवळजवळ स्टिअरिंगच्या चाकाला कपाळ टेकलं. डोळे मिटले. बारा अंक मोजायला लागतात त्यापेक्षा जास्त वेळ ते तसेच होते. मग त्यांनी मान वर केली, सुस्कारा सोडला, आणि गाडी सुरू झाली.

संध्याकाळी त्या सहज म्हणून गाडीशी गेल्या. आत वाकून पाहिलं तर चाकामागे, गाडीचा वेग आणि काय काय दाखवणाऱ्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, त्यांची तसबीर चिकटवलेली. नीट, सरळ, केसभरही वाकडी नाही.

मास्तरीणबाईंनी गाडीचं दार हळूच लावलं, थप्प होऊ न देता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पाणी, मग मान, मग मिटलेले डोळे. त्यांना विचारायची सोय नव्हती. एक तर ती वेळ मौनाची. दुसरं म्हणजे विचारणं हेसुद्धा एक प्रकारचं खुणावणंच. आणि एकोणीस वर्षं जपलेली गोष्ट शेवटच्या पायरीवर हातातून निसटू द्यायला त्या काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी ठरवलं, एकवीस दिवस बघायचं. एकविसाव्या दिवशी मास्तरांनी मान घातली ती इतकी खोल, की हॉर्न वाजला.

त्यांनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, यांनी मान घातली."

"काय सांगता, वहिनी! दादानं? तब्येत बरी आहे ना त्याची?"

"रोज घालतात. आपणहून."

नणंद बोलली तेव्हा तिचा आवाज भरून आला होता, पण टिंगल काही सुटली नव्हती. "मग एकट्यानं चहा प्यायचा नाही. माझ्याकडे यायचं. मी माझ्या हातानं करणार. साखरेचा डबा तुमच्यापुढे ठेवते, हवा तर पालथा करा. रविवारी या. आणि दादाला म्हणावं, ती तिजोरी घेऊन ये, बघू तरी."

रविवार उजाडला. मास्तर गाडी काढायला का कू करत होते. "बसनं जाऊ," म्हणाले. "लांबचा पल्ला आहे. उगाच तिला त्रास."

"वन्संनी गाडी बघायची म्हटलंय," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. बहिणीपुढे माघार घेणं मास्तरांना जमणारं नव्हतं. पाण्याचे दोन कॅन त्यांनी मागे ठेवले. निघताना मान घातली. पहिल्या सिग्नलला घातली, दुसऱ्या सिग्नलला घातली. पेट्रोल भरताना तर दोनदा. मास्तरीणबाई शेजारी पदर सावरून बसल्या होत्या. त्या बाहेर बघत होत्या, कारण आत बघितलं तर डोळ्यांतून पाणी येईल, अशी भीती होती. मनात एकच, आज चहा. आज चहा.

दोन तासांवर मोठा चढ लागतो. ऊन डोक्यावर आलं होतं. बसायची जागा आपोआप तापायला लागली. मास्तर काही बोलले नाहीत, थंड देशातल्या लोकांचं कौतुकसुद्धा केलं नाही. चढाच्या अर्ध्यात एक गोडसर, जळका वास आला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. आणि त्याच वेळी, उन्हानं डिंक सुटून, तसबीर टप्पदिशी मास्तरांच्या मांडीवर पडली.

तसबिरीच्या जागी एक दिवा होता. लालभडक.

गाडीनं दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली.

मास्तरीणबाईंनी तसबीर उचलली, पदरानं पुसली. मग त्या दिव्याकडे त्यांनी निरखून पाहिलं. "हे काय पेटलंय?"

"सेन्सर," मास्तर म्हणाले. बाहेर वाफेत रस्ता दिसत नव्हता.

"पाण्यात तापमापक उभा केल्यासारखं चित्र आहे."

मास्तरांनी वायपर चालू केले.

"तुम्हीच शिकवता ना तापमापक?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खोटं वाचता येत असलं तरी आकडा खोटा सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "सव्वीस दिवस झाले. आधी पिवळा लागायचा. पाणी घातलं की विझायचा. लाल आजच झालाय."

"आणि तसबीर?"

"सारखं नजरेला टोचायचं ते. काहीतरी लावायचं होतं त्याच्यावर. ही बरोबर बसली. सत्तावीस मिलिमीटर. मी मोजली होती."

"मग रोज मान खाली घालून तुम्ही..."

"तसबिरीमागं वाकून बघत होतो. पेटलाय का."

"आणि डोळे मिटून?"

"नको पेटूस, म्हणत होतो."

"कुणाला?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गाडीला," ते म्हणाले.

मास्तरीणबाई खाली उतरल्या आणि सावलीत एका दगडावर जाऊन बसल्या. दुसऱ्या बाईनं गाडीची काच फोडली असती. यांनी तसबीर मांडीवर ठेवली, आणि मौनाची वेळ नसतानाही त्या मौनात गेल्या. मास्तर फोन लावत होते. बँकेचे साहेब म्हणाले, सेन्सर असेल. कप्तान म्हणाले, सेन्सर असेल. दातांच्या डॉक्टरांनी फोन उचललाच नाही. शेवटी उस्ताद म्हणाला, क्रेन पाठवतो.

क्रेनच्या आधी नणंद आली. फोन गेला तशी ती आपला डबा घेऊन निघाली होती. चढावर तिनं तो एका दमात आणून लावला, दरवाजा आपटला, ताट पडल्यासारखा आवाज झाला. तिच्या हातात थर्मास होता.

"काही हरकत नाही, वहिनी! तुम्ही नाही आलात तर चहा आला!" तिनं झाकणात चहा ओतून पुढे धरला. "घ्या. एकोणीस वर्षांची साखर एकदम घातलीय!"

मास्तरीणबाईंनी मान हलवून तिला गप्प करायचा प्रयत्न केला. पण नणंदेनं एवढी वर्षं पोटात ठेवलं होतं, आता तिथं जागा उरली नव्हती.

"कसली एकोणीस वर्षं?" मास्तर वळले.

"कसली काय विचारतोस? तू देवापुढे मान घालेपर्यंत वहिनी साखर नव्हत्या घेत चहात! तुला नाही माहीत?"

"मला वाटायचं, हिला गोड आवडत नाही."

"गोड आवडत नाही?" नणंद कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, लग्न ठरवायला आम्ही गेलो होतो तेव्हा कपाच्या तळाची साखर वहिनींनी बोटानं चाटली होती. मी बघितलंय. अख्ख्या जगाची मापं घेत फिरतोस, बायकोच्या कपाचं एकदा घेतलं नाहीस?"

मास्तर उन्हात उभे राहिले. मग एकदम तरतरी आल्यासारखे पुढे आले. "अगं, मग त्यात काय! आत्ता घालतो." आणि त्यांनी मास्तरीणबाईंच्या मांडीवरच्या तसबिरीपुढे खरोखरच मान घातली. "ही घे. झालं? पी चहा."

"अहो, उचला ती मान," मास्तरीणबाई म्हणाल्या. "असं नसतं ते."

झाकण त्यांनी हातात घेतलं होतं. वाफ नाकाशी येत होती, गोड, दाट. त्यांनी ते तसंच थोडा वेळ धरलं. मग चहा थर्मासात परत ओतला, एक थेंब न सांडता, आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या.

गॅरेजात मंडळी आधीच जमली होती, एखाद्याला भेटायला दवाखान्यात जमतात तशी. उस्तादानं बॉनेट उघडलं, आत हात घातला, आणि बोटाएवढा फुटका रबरी पाइप बाहेर काढला. "हा गेला. पाणी गेलं. पाण्याबरोबर इंजिनाचं डोकं गेलं."

"आणि सेन्सर?" कप्तानांनी आशेनं विचारलं.

"सेन्सर ठणठणीत आहे," उस्ताद हात पुसत म्हणाला. मग मास्तरांकडे वळून, "अख्ख्या गाडीत खरं बोलणारं तेवढं एकच होतं, मास्तर. आणि त्याच्या तोंडावर तुम्ही देव चिकटवलात."

बँकेचे साहेब सांत्वनाला म्हणाले, "पण दरवाजाचा आवाज अजून तसाच आहे," तर कुणी "हो हो" म्हटलं नाही.

मास्तरांची मान खाली गेली नाही. ती ताठच राहिली, फक्त कान लाल झाले, त्या दिव्यासारखे. मास्तरीणबाई मागे उभ्या होत्या. ते बोलणं त्यांनाही लागलं. त्यांना वाटलं, यांनी दिव्यावर देव चिकटवला, आणि आपण यांच्या वाकलेल्या पाठीवर. खरं काय ते दोघांनाही बघायचं नव्हतं.

पार्ट बाहेरून यायला सहा आठवडे लागले.

त्या सहा आठवड्यांत मास्तर बसनं शाळेत जात होते. रोज सकाळी आपल्या कपातही साखर घालू नको, असं त्यांनी सांगितलं होतं. कुणी सुचवलं नव्हतं. पहिल्या दिवशी पहिल्या घोटाला त्यांचं तोंड असं झालं, की मास्तरीणबाईंना हसू लपवायला शेगडीकडे वळावं लागलं. "एकोणीस वर्षं हे?" ते म्हणाले. मास्तरांनी कप संपवला. दुसऱ्या दिवशीही संपवला. चहा पिताना त्यांची मान खालीच असे, पण खाली घातलेल्या मानेवरून आता मास्तरीणबाई काही ठरवत नसत.

गाडी बरी होऊन आली, आणि त्याच दिवशी वकीलसाहेब ती विकत घ्यायला आले. त्यांच्याकडे तसलीच एक होती. "दोन असल्या की एक चालू राहते," असा त्यांचा युक्तिवाद. त्यांनी चाकावर हात ठेवला, किल्ली फिरवली, आणि काचेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं डिंकाचा चौकोनी डाग होता, आणि त्यामागे क्षणभर लुकलुकून विझलेला दिवा.

"हा दिवा कसला, मास्तर?"

मास्तरीणबाई ओट्याशी होत्या. खिडकी उघडी होती. त्यांचा हात थांबला. त्यांना मास्तरांचं तोंड उघडलेलं दिसलं, आणि ओठांवर तो एक शब्द तयार होताना दिसला. सगळी मंडळी म्हणायची, दातांच्या डॉक्टरांनीही म्हटला असेल, तो.

"खरा आहे तो," मास्तर म्हणाले. "पेटला की गाडी थांबवायची. त्याच क्षणी. मी सव्वीस दिवस थांबवली नाही. झाकला. म्हणून इंजिन गेलं. ते आता दुरुस्त केलंय, पण पुन्हा जाणार नाही असं मी सांगू शकत नाही."

वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे प्रेमानं पाहिलं. मोठ्या दुःखातून गेलेला माणूस असंच काहीबाही बोलतो, हे त्यांना कळत होतं. "सेन्सर असेल, मास्तर," ते हळुवारपणे म्हणाले. दरवाजा लावला. थप्प. डोळे मिटले. आणि गाडी घेऊन गेले.

दुपारी मास्तरीणबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. देवाच्या कोनाड्याची खिडकी तिकडेच उघडते. आत मास्तर आले. आपण आहोत हे त्यांना माहीत नव्हतं, याची मास्तरीणबाईंना खात्री होती, कारण आल्याबरोबर त्यांनी आधी स्वयंपाकघरात डोकावलं, कुणी नाही असं पाहिलं, आणि मगच ते कोनाड्याशी गेले. तसबीर परत तिथं ठेवली होती. तिच्या मागे डिंकाचा थर तसाच होता. मास्तरांनी तो नखानं खरवडला, बराच वेळ, चिकाटीनं. मग ती जागेवर ठेवली.

"तोंड दाबायला वापरलं तुम्हाला," ते म्हणाले. "चुकलं."

आणि त्यांनी मान खाली घातली. जाताना त्यांनी खिशातली पट्टी काढली, तसबीर दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे का ते मोजलं, जराशी डावीकडे सरकवली, आणि गेले.

मास्तरीणबाई ओला सदरा हातात धरून उभ्या राहिल्या. आता हे कुठल्या काट्यावर मोजायचं? साखरेचं गुपित आता यांना ठाऊक आहे. साखरेसाठी केलं असेल तर? त्यांनी विचार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या बाबतीत एक प्रयोग करायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत थांबायचं. "घातली बरं का मान," असं सांगत हे आले, तर साखर नाही.

मास्तर संध्याकाळी आले, जेवले, तंत्रशाळेतल्या तुटलेल्या काट्याबद्दल बोलले. मानेचं अवाक्षर नाही. सकाळी उठले, तोंड धुतलं, टेबलाशी बसले. अवाक्षर नाही.

मौनाचा तास संपला. मास्तरीणबाईंनी दोन कप भरले. डबा उघडला. त्यातली साखर पाहुण्यांपुरतीच उरली होती आणि बसून दगड झाली होती. चमच्यानं ती फोडावी लागली. एक चमचा आपल्या कपात घातला, ढवळला, आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत कप तोंडाला लावला.

मास्तर बघत राहिले. "अगं..." म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "तू बघितलंस?"

"कपडे वाळत घालत होते."

मास्तरांचे कान लाल झाले.

मास्तरीणबाईंनी घोट गिळला. डोळे भरून आले होते, ते आनंदानं की आणखी कशानं, हे मास्तरांना वाचता येईना, आणि या वेळी त्यांनी अंदाज केलाही नाही. त्यांनी विचारलं. "काय गं?"

"फार गोड आहे हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "एवढं गोड पितात लोक?"

त्यांनी कप टेबलावरून मास्तरांकडे सरकवला.

"मी सोडलीय," मास्तर म्हणाले.

"किती दिवस झाले?"

"चव्वेचाळीस."

"पुरे. घ्या."

मास्तरांचा बिनसाखरेचा कप त्यांनी आपल्याकडे ओढला. तेवढ्यात फोन वाजला. वकीलसाहेब होते. एवढा मोठा आवाज, की मास्तरांनी फोन कानापासून लांब धरला.

"मास्तर, जरा वहिनींना विचारता का? तशी एखादी छोटी तसबीर मिळेल का त्यांच्याकडे? सत्तावीस मिलिमीटरची?"

मास्तरांनी फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं.

"देते म्हणावं," मास्तरीणबाई म्हणाल्या, नेहमीच्याच मऊ आवाजात. "पण आधी गाडी थांबवा म्हणावं."

मास्तरांनी निरोप दिला. त्यांचा आवाज मऊ नव्हता, त्यामुळे तो वेळेवर पोचला असावा. पलीकडून ब्रेक लागल्याचा आवाज आला, आणि मागोमाग, वळणावर वाजावा तसा, आपोआप हॉर्न.